बाग देवाची की आबांची

आमच्या चर्चच्या मंडळीत ढोलक वाजवणारा माणूस एकच, आणि तो धुळ्याच्या तुरुंगात. तोही माझाच नवरा! धुळं माझं माहेर. लोक तुरुंगाला गमतीनं सासुरवाडी म्हणतात, आमच्या ह्यांनी ते खरं करून दाखवलं.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. चाळीसगावच्या अलीकडे, गिरणेकाठी आमचं गाव. ख्रिस्ती घरं बोटांवर मोजण्याइतकी. आमच्या बांधाला लागून आबांची केळीची बाग होती. पाण्याच्या पाळीवरून ह्यांची नि आबांची जुंपली, हे कुठूनशी दारू ढोसून आले आणि विळा घेऊन घड धरलेली बाग त्यांनी आडवी केली. सकाळी मी ती बाग पाहिली आणि मला अन्न गोड लागेना. शिक्षा झाली ती योग्यच झाली, हे मी तेव्हाही म्हणत होते.

पोळ्याच्या सुमारास हे सुटून आले. पहिल्याच रविवारी मंडळीसमोर उभे राहून रडले. "मी महापापी आहे, मी देवाविरुद्ध पाप केलं," वगैरे. बाया पदरानं डोळे पुसत होत्या. पण पाळकसाहेब खमके. आमच्यात रीतच होती की, ज्याचं कुणाशी बिनसलंय त्यानं ते मिटल्याशिवाय प्रभुभोजनाला हात लावायचा नाही. आणि मिटलं की नाही, हे ज्याचं नुकसान झालं त्यानं सांगायचं. तोवर भाकर नाही, प्याला नाही, आणि ढोलकही नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं आबांच्या ओट्यावर. आबा दोर वळत बसले होते. ह्यांनी हात जोडले आणि कालचंच सगळं पुन्हा सुरू केलं. महापापी, देवाविरुद्ध, सगळं शुद्ध भाषेत. आबांनी मान वर केली.

"ती बाग देवनी व्हती का मनी?"

मला हसू आवरेना! पदर तोंडात कोंबला तरी खांदे हलतच होते. हे लालबुंद होऊन तरातरा घरी निघून आले.

घरी माझी तोफ सुटली. "देवाचं नाव घेतलंत, ते बरोबरच आहे. पण बाग हा शब्द एकदा तरी तोंडातून निघाला का? चर्चमध्ये देव समोर दिसत नाही, तिथं बोलणं सोपं. आबा समोर बसलेत म्हणून जीभ अडखळते." त्या दिवशी हे जेवले नाहीत. मीही आग्रह केला नाही.

चार-आठ दिवसांनी सकाळीच हे बागेकडे निघाले. मी घागर घेऊन मागोमाग. पाणी घरात होतं, पण मला राहवलं तर ना! कापलेल्या केळींच्या बुडातून पिलं उठली होती, एकेका बुडाला तीन-तीन, चार-चार, हिरवीगार. आबा त्यांत उभे होते. हे या वेळी आपल्या गावच्या बोलीत बोलले.

"आबा, मी तुमनी बठ्ठी बाग कापी टाकी. दारू पिसन कापी. मनं चुकनं."

आबांनी कमरेचा विळा काढला आणि ह्यांच्यापुढे धरला.

"ले. एकेक पील ठेव, बाकीना काढी टाक. कोणतं ठेवानं, कोणतं कापानं, समजस ना?"

ज्या हातांनी बाग कापली त्याच हातांत आबांनी विळा दिला होता. हे खाली बसले आणि जपून, पील न् पील निवडून कामाला लागले. मी तिथंच उभी राहून ढसाढसा रडले. आनंदानं, उगाच दुसरं काही कोणी समजू नये.

त्यानंतर हे रोज आपलं शेत आटोपून आबांच्या बागेत जायचे. नाताळ जवळ आला तशी पिलं छातीला लागली. पण आबांच्या तोंडून माफीचा शब्द नाही! मी अगदी काकुळतीला आले. "विचारा ना त्यांना," म्हटलं. हे म्हणाले, "विचारून मिळाली तर ती माफी कसली?" माझा नवरा शहाणा झाला होता, तोही नको त्या वेळी!

नाताळची सकाळ. पताका लागल्या होत्या, झेंडूची तोरणं होती, मेजावर भाकर नि प्याला झाकून ठेवलेला होता. ढोलक कोपऱ्यात. हे सगळ्यात मागं, दाराशी बसले होते. माझं कशातच लक्ष नव्हतं. इतक्यात दारात गलबला झाला. वळून पाहते तो आबा! डोक्याला धुतलेला फेटा, जोडे हातात. चर्चमध्ये कधी पाय न टाकलेला माणूस उंबऱ्याशी उभा होता.

पाळकसाहेबांनी विचारलं, "आबा, ह्या माणसाबद्दल तुमच्या मनात काही उरलं आहे का?"

आबांनी एकदा मेजाकडे पाहिलं, एकदा ह्यांच्याकडे.

"देवनं देव देखी लेई," ते म्हणाले. "मनं मी माफ करं."

देवाचं देव बघेल, आपल्यापुरतं आबांनी माफ केलं होतं! ह्यांनी भाकर घेतली, प्याला घेतला. कुणीतरी ढोलक मांडीवर आणून दिली. पण हात काही उठेनात, हे नुसते खाली मान घालून बसलेले. सगळे ताटकळले.

तेव्हा उंबऱ्यावरून आबा ओरडले, "आते वाजाड ना भो! का मीच यिसन वाजाडू?"

आणि थाप पडली.