सिग्नल खराब, स्कॅन पुन्हा करा

गेल्या मंगळवारी आईला दुसऱ्यांदा मशीनमध्ये घातलं. माजिवड्याचं तेच स्कॅन सेंटर, तीच खुर्ची...

आईच्या मेंदूत एक छोटी गाठ दिसली होती. ती कॅन्सरची की टीबीची हे साध्या एमआरआयवरून कळेना, म्हणून डॉक्टरांनी स्पेक्ट्रोस्कोपी सांगितली. सुई न टोचता त्याच मशीनमधून गाठीतल्या रसायनांचा आलेख मिळतो म्हणे.

पण पहिला आलेख म्हणजे नुसतं गवत उगवलेलं. सिग्नल खराब, निष्कर्ष काढता येत नाही. डॉक्टर म्हणाले, पुन्हा करून बघू, नाहीतर कवटीला भोक पाडून तुकडा काढावा लागेल. तेव्हापासून मला धड जेवण गेलं नव्हतं.

"मावशी, मागच्या वेळी आत बोलत होतात का?" टेक्निशियन मुलीने विचारलं.

"छे गं. नाम घेत होते फक्त."

आईचा जप म्हणजे ओठ हलतात, हनुवटी हलते, रंगात आली की मानही डोलते. आणि इथे सिग्नल इतका बारीक, की मशीन तो परत परत मोजून गोळा करतं. जरा हललं की सगळा चिखल.

"मनातल्या मनात घ्या ना."

"मनात घेतलं की मध्ये भीती घुसते," आई म्हणाली. ती घाबरलीय हे तिने पहिल्यांदाच कबूल केलं...

तेवढ्यात शेजारी बसलेले बाबा कमरेचा पट्टा काढायला लागले, आत धातू चालत नाही म्हणून. आईच्या जपाची जन्मभर टिंगल करणारे माझे बाबा.

"माळ इकडे दे. तू गप्प पडून राहा, तुझं नाम मी घेतो."

घड्याळ, किल्ल्या, मोबाईल माझ्याकडे देऊन ते आत तिच्या पायाशी बसले. मी काचेतून बघत होते. मशीनच्या त्या ठोकाठोकीत तिला काही ऐकू येणं शक्य नव्हतं, म्हणून एक मणी सरकला की ते अंगठ्याने तिचं पाऊल दाबायचे. आई जराही हलली नाही.

आलेख स्वच्छ आला. काल डॉक्टर म्हणाले, टीबीचीच वाटतेय, औषधं सुरू करू, भोक नको. मी तिथेच रडले.

भीती अजून गेलेली नाही, औषधांनंतर पुन्हा स्कॅन आहेच. पण वर्तकनगरच्या घरी माळ आता बाबांकडे असते. देवाला ऐकू जातं का, मला माहीत नाही... आईच्या पावलाला जातं, ते मी पाहिलंय.