फायनलचं तिकीट आणि भिंतीपलीकडचं भरीत

हाफटाइमची शिट्टी झाली तेव्हा स्कोअर एक-एक होता आणि स्टँड रिकामा व्हायला लागला होता.

मी टचलाइनजवळ उभा होतो. लोक उठत होते, पायऱ्या उतरत होते, गेटकडे निघाले होते. कोणी चिडलेलं नव्हतं. लग्नात पंगत बसल्याची हाक आली की माणसं जशी चालतात, तशी चालत होती. भराभर, पण फार घाई दिसू नये अशा बेतानं.

व्हीआयपी सोफ्यावर आमच्या संस्थेचे सचिव नाना बसले होते. त्यांनी मला बोटानं बोलावलं.

"चौधरी, पब्लिक कुठे चाललं?"

"भरीत खायला, नाना."

"भरीत कोणी ठेवलं?"

"आपण नाही ठेवलं. तीच अडचण आहे."

मी जळगावच्या एका कॉलेजात फिजिकल डायरेक्टर आहे. सगळे पीडी म्हणतात. लोकांना वाटतं, पीडी म्हणजे गळ्यात शिट्टी आणि अंगात ट्रॅकसूट. प्रत्यक्षात निम्मी नोकरी बिलं मंजूर करून घेण्यात जाते. आमच्या आणि धुळ्याच्या एका कॉलेजात दर हिवाळ्यात फुटबॉलची मॅच होते. एक वर्ष इथे, एक वर्ष तिथे. दोनच टीम असतात, तरी सगळे तिला फायनलच म्हणतात. यंदा पाळी आमची होती.

ही मॅच पूर्वी फुकट होती. मग रेफरींचं मानधन वाढलं. अॅम्ब्युलन्स सक्तीची झाली. खेळाडूंचा विमा आला. मुलांना मॅच मोबाईलवर लाइव्ह दिसायला हवी होती, म्हणून कॅमेरेवाले आले. मी आधी वीस रुपये तिकीट लावलं, पुढच्या खेपेला पन्नास. दोन्ही वेळा कोणी काही बोललं नाही. कोणी बोलत नाही म्हणजे चालतंय, असं मी धरून चाललो.

यंदा नानांनी मला केबिनमध्ये बोलावून सरळ सांगितलं. "मॅचवर संस्थेचा पैसा जातो. यंदा खर्च निघाला तर ठीक. नाही तर पुढच्या वर्षीपासून मॅच बंद. धुळेवाल्यांना तुम्हीच कळवा."

मी घाबरलो. ही मॅच बंद झाली तर आमच्या मुलांना वर्षात एकदाही चार लोकांसमोर खेळायला मिळणार नाही. मी तुषारला गाठलं. तुषार इव्हेंट मॅनेजर. लग्नं करतो, नेत्यांचे वाढदिवस करतो. हुशार आणि गोड बोलणारा.

"सर, गेटवर अवलंबून राहू नका," तो म्हणाला. आमच्या धंद्यात तिकिटाच्या पैशाला गेट म्हणतात. "पार्किंग घ्या. खुर्चीचे वेगळे घ्या. फूड स्टॉल मला एक्स्क्लुझिव्ह द्या."

एक्स्क्लुझिव्ह म्हणजे स्टॉलवाला एकरकमी पैसे देतो आणि त्याबदल्यात दुसरं कोणाचंही खाणं आत येत नाही. पाण्याची बाटलीसुद्धा नाही. सोबत 'नो री-एंट्री'. एकदा बाहेर गेलात की तिकीट संपलं. म्हणजे भूक लागली तर माणूस आतच खाणार.

मी सगळ्याला हो म्हटलं. तिकीट दीडशे केलं आणि या सगळ्याचं प्रेझेंटेशन करून नानांना दाखवलं. 'बाहेरील खाद्यपदार्थ आणू नयेत' हा बोर्ड मी स्वतः लिहून दिला. तुषारचा या सगळ्यात दोष नाही. तो बाहेरगावचा, आमच्या मॅचला आधी कधी आलेला नव्हता. मी बावीस वर्षं जळगावात राहतो. हिवाळ्यात इथे चार माणसं एकत्र आली की काय होतं, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

मॅचच्या दिवशी सकाळी वरणगावहून लोटू आबा आले.

लोटू आबा फॅक्टरीतून रिटायर झालेत. मुलगा आमच्या कॉलेजातून शिकून गेला, त्यालाही आता मुलं आहेत, पण आबा मॅच चुकवत नाहीत. येताना एकटे येत नाहीत. एक टेम्पो आणि एक ट्रॅक्टर ट्रॉली भरून माणसं, एक ढोल, पोतंभर हिरवी वांगी, मिरच्या, कांद्याची पात आणि भरीत कुटायची लांबोडकी लाकडी परात. ग्राउंडच्या कोपऱ्यात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची. मॅच बघत बघत कुटायचं. मग जो येईल त्याच्या हातावर भरीत-पुरी. आमच्याकडे कितीही छोटा सोहळा असला तरी हिवाळ्यात तो भरीत पार्टीच होतो.

गेटवर काळ्या टी-शर्टातल्या बाऊन्सरनं आबांना अडवलं.

"काका, हे आत नाही चालणार."

"हे म्हणजे काय? वांगी?"

"सगळंच. ढोल चालेल."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी दहा पावलांवर होतो.

"सर, याले सांगा ना. हा नवा दिसू राहिला."

मी जवळ गेलो. बोर्डाकडे हात केला. स्टॉलचं काँट्रॅक्ट, विमा, खर्च, सगळं भराभर सांगितलं. आबा बोर्ड वाचत होते.

"दीडशे माणशी?"

"हो आबा."

"लहान लेकराले?"

"पाच वर्षांवरच्या सगळ्यांना."

आबांची सून मागून म्हणाली, "म्हणजे आमच्या एका घराचेच हजाराच्या वर गेले. ट्रॉलीचं पार्किंग वेगळं. आणि आत गेल्यावर समोसा विकत घ्यायचा. एवढ्या पैशात तर नणंदेच्या घरी जाऊन दोन दिवस राहून येऊ आम्ही."

"नणंद ठेवीन का दोन दिवस?" कोणीतरी विचारलं. सगळे हसले. मलाही हसायचं होतं. मी मोबाईलमध्ये बघितलं. मोबाईलमध्ये काही आलेलं नव्हतं.

"आबा, तुम्ही एकटे चला आत. तुमचं तिकीट माझ्याकडून."

आबा शांतपणे म्हणाले, "मी एकटा बसून काय करू? मले काय फुटबॉल समजते?"

हे मला माहीतच नव्हतं. इतकी वर्षं ऑफसाइड झाला की हा माणूस सगळ्यात मोठ्यानं ओरडायचा.

त्यांनी भांडण केलं नाही. टेम्पो वळवला. मी ट्रॉलीच्या मागे बघत उभा राहिलो आणि स्वतःला सांगत राहिलो की मॅच वाचवायची आहे. ते खरंही होतं.

ग्राउंडच्या पूर्वेला कंपाउंडची भिंत आहे. पलीकडे शेत. ते शेत लोटू आबांच्या व्याह्यांचं आहे, ही माहिती आमच्या सिक्युरिटी प्लॅनमध्ये नव्हती. कपाशी निघून गेलेली, काड्यांचे ढीग पडलेले. मॅच सुरू झाल्यावर थोड्या वेळानं भिंतीमागून धूर निघाला. मग ढोल वाजला. मग वारा आमच्याकडे वळला.

भाजलेल्या वांग्याचा वास ज्यांनी थंडीत, उपाशीपोटी घेतला आहे, त्यांना पुढचं सांगायला नको. आधी आमची पोरं माना वळवायला लागली. मग धुळ्याचे पाहुणे. एक धुळेकर उभाच राहिला आणि सगळ्यांनाच तिकडे चलायला सांगत अहिराणीत ओरडला. "काय वास ई राहिना भो! बठ्ठा चला तिकडे!"

हाफटाइमला गेटवर बाऊन्सर सांगत होता, "बाहेर गेलात तर परत सोडणार नाही. तिकीट रद्द होईल."

"होऊ दे," एक बाई म्हणाल्या. "बाजूला हो."

नानांनी पुन्हा रिकाम्या स्टँडकडे पाहिलं. "चौधरी, लाइव्हवर हेच दिसतंय. माझ्या जावयाचा पुण्याहून फोन आला. म्हणे, मॅच रद्द झाली का?"

मी धावत गेटबाहेर गेलो, भिंतीला वळसा घालून शेतात. तिथे जत्रा भरली होती. तिकीट काढलेले, न काढलेले, जळगावचे, धुळ्याचे, सगळे बांधावर मांडी घालून बसलेले. पोरंटोरं ट्रॉलीवर उभी राहून भिंतीवरून ग्राउंड बघत होती. आमचा एक लाइन्समनही तिथेच सापडला. हातात केळीचं पान, काखेत झेंडा.

"सर, दोनच मिनिटं," तो म्हणाला.

आबांनी मला पाहिलं आणि पान पुढे केलं. "आधी खा. मग बोला."

घास घेतला. भरीत अफाट तिखट होतं. डोळ्यांत पाणी आलं, ते मिरचीमुळे आलं असं मी म्हणू शकतो.

"आबा, माझं चुकलं. सगळे आत चला. तिकीट नको."

"आमचं सोडा," आबा म्हणाले. "ज्यांनी दीडशे भरले, त्यांचं काय? आम्ही फुकट आत गेलो तर ते काय म्हनतीन?"

तिकीट काढलेले पाच-सहा जण ऐकत होते. त्यांनी माना हलवल्या, पण पुरी खाली ठेवली नाही.

आबांची सून परातीवरून म्हणाली, "त्यात काय एवढं? तिकीटवाल्याला पान फुकट. बाकीच्यांनी वर्गणी टाकायची. आपण एरवी पार्टी करतो तेव्हा वर्गणी काढतोच ना?"

काढतोच. जळगावात भरीत पार्टीला कोणी फुकट जेवत नाही आणि कोणाला कोणी भाव सांगत नाही. मी स्वतः शेकडो वेळा वर्गणी दिली आहे. पण प्रेझेंटेशन करताना मला ते आठवलं नव्हतं.

"पैसे घ्यायला तुषारकडे स्कॅनर आहे," मी म्हणालो.

"स्कॅनर नको," आबा म्हणाले. "पातेलं ठेवा. वर फडकं टाका. फडक्याखाली हात घालून टाकायचे. कोणी दहा टाकले, कोणी दोनशे, दिसू नाही."

मी गेटवर जाऊन बाऊन्सरला दोन्ही दारं उघडायला लावली. बोर्ड उतरवून ठेवला. तुषार पळत आला. "सर, माझं काँट्रॅक्ट! माझ्या समोशांचं काय?"

"जो तोटा होईल तो माझ्या पगारातून," मी म्हणालो. हे बोलायला सोपं गेलं. घरी कसं सांगायचं, ही काळजी मागून आली.

वांगी, परात, ढोल, माणसं, सगळं आत आलं. परातीशेजारी फडकं टाकलेलं पातेलं ठेवलं. रेफरी घड्याळ दाखवत होते. "हाफटाइम पंधरा मिनिटांचा असतो, चौधरी सर."

"तुमचा लाइन्समन अजून हात धुतोय," मी म्हणालो. मग त्यांनीही एक पान मागवलं.

सेकंड हाफला स्टँड भरलेला होता. भिंतीवरून बघणारी पोरंही आत आली होती. ढोल असा वाजत होता की आमच्या गोलकीपरला स्वतःच्या डिफेंडरची हाक ऐकू येईना. त्याच गोंधळात धुळ्यानं दुसरा गोल केला. आम्ही हरलो. आबांच्या पंगतीत हरलेल्या टीमला आधी वाढतात. आमची पोरं तोंड पाडून बसली आणि तिसऱ्या पुरीपर्यंत पूर्ववत झाली.

तुषारचं काय झालं, तेही सांगतो. समोसे उरले. पण भरीत इतकं तिखट होतं की त्याच्या पाण्याच्या बाटल्या अर्ध्या तासात संपल्या आणि त्याला गावातून टेम्पो मागवावा लागला. मग पुऱ्या कमी पडल्या. त्यानं भीत भीत पाव पुढे केले.

"भरताबरोबर पाव?" आबा म्हणाले. "पाप लागीन."

धुळ्याच्या पोरांनी मात्र ते पाप आनंदानं केलं. माझ्या पगाराला हात लागला नाही.

सोमवारी नानांनी केबिनमध्ये बोलावलं. समोर अकाउंटंट बसले होते.

"खर्च निघाला?" नानांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "थोडा कमी पडला."

"आणि हे पातेल्याचे पैसे कोणत्या हेडखाली घ्यायचे?" अकाउंटंटनी विचारलं. "तिकीट की देणगी?"

"वर्गणी लिहा," नाना म्हणाले.

"सर, वर्गणी असं हेड नाहीये आपल्याकडे."

"मग उघडा." नानांनी माझ्याकडे बघितलं. "तिकिटांपेक्षा पातेल्यात जास्त जमलंय, चौधरी. दीडशे मागितले तर लोक भिंतीपलीकडे जाऊन बसले. काहीच मागितलं नाही तर देऊन गेले. हे तुमच्या प्रेझेंटेशनमध्ये कुठे होतं?"

"नव्हतं, नाना."

"धुळेवाल्यांना कळवू नका काही. मॅच चालू राहील."

मी खुर्चीतच बसून राहिलो. नानांना वाटलं मी आणखी काही मागणार आहे, म्हणून त्यांनी फाइल बंद केली.

पुढचं यजमानपद धुळ्याचं. त्यांच्या पीडींनी परवा फोन करून तारीख विचारली. म्हणाले, ग्राउंड ऑक्टोबरमध्ये रिकामं आहे, तेव्हा घेऊन टाकू. मी सांगितलं, ऑक्टोबरमध्ये वांग्याला चव नसते, जानेवारी बघा. ते म्हणाले, जानेवारीत ग्राउंडवर दुसरा कार्यक्रम आहे. मी म्हणालो, मग तो कार्यक्रम ऑक्टोबरमध्ये घ्या.

बावीस वर्षांच्या नोकरीत मी लोक किती देऊ शकतील याचा हिशेब शिकलो. ते कशाच्या भोवती जमतात, हे आधी विचारायचं असतं. या विचारण्याला खर्च काही येत नाही, म्हणून बहुधा ते बजेटमध्ये धरायचं राहून जातं.