सव्वा मूठ

टपालवाल्यानं कार्ड हातात न देता उंबऱ्यावर ठेवलं, तेव्हाच मला समजायला हवं होतं. त्याचा एक कोपरा फाडलेला होता, मरणाची खबर असली की फाडतात तसा. अक्षर कळसाडीच्या शाळामास्तरांचं. जिभाऊला लिहिता येत नसे, त्यामुळे त्याची सगळी पत्रं मास्तरांच्याच हातची यायची. पण हे पत्र त्याच्या वतीनं नव्हतं, त्याच्याविषयी होतं. शेतातून आला, तांब्याभर पाणी प्यायला, जरा पडतो म्हणाला आणि उठलाच नाही. वैशाखाचे दिवस, माझ्यापुढे वार्षिक परीक्षेच्या पेपरांचा गठ्ठा. आता खरं सांगायचं ठरवलंच आहे, तर आधी हेच सांगून टाकतो. ते कार्ड वाचून मला पहिल्यांदा रडू आलं नाही. पहिल्यांदा वाटलं ते असं की, सुटलो… आता ती गोष्ट माहीत असलेला कुणी उरला नाही. मग माझी मलाच इतकी शिसारी आली की हातातली तांबडी पेन्सिल मी भिंतीवर फेकली.

जिभाऊ माझा चुलतभाऊ. चुलत हा शब्द मी धुळ्याला येऊन शिकलो, आमच्या घरात तो कुणी वापरत नव्हतं. माझे वडील गेले तेव्हा मी सहा वर्षांचा होतो आणि तो सोळा-सतरांचा. त्यानं स्वतः शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण मला गाडीत घालून शहाद्याच्या शाळेत पोचवायचा तोच. मास्तरांनी मारलं की मी घरी येऊन भोकाड पसरायचो, तेव्हा म्हणायचा, "रडू नको, बापू. हात दुखना का मास्तरना? मंग त्यानंबी नुकसानच शे." त्याच्या जिवावर मी इंग्रजी शिकलो, धुळ्याला इंग्रजी शाळेत मास्तर झालो, आणि तिथल्या चार पांढरपेशा लोकांत उठूबसू लागलो.

आमच्या खानदेशात श्रावणात कानबाई बसते, हे बाहेरच्या वाचकांना माहीत असेल-नसेल. रविवारी बसवायची, सोमवारी वाजतगाजत नदीवर बोळवायची. तिच्या नैवेद्याचे रोट करायचे, ते घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू आणि हरभऱ्याची डाळ घेऊन. घरातल्या वडील पुरुषानं एकेकाचं नाव घेत धान्य घालायचं. हे रोट फक्त भाऊबंदांनी खायचे, परक्याच्या तोंडी त्यातला घास जाता कामा नये. आमच्याकडे वडील दगाआबा, पण मूठ त्यांनी जिभाऊला दिलेली. हात सुपाएवढा. "हाई दगाआबानी… हाई मन्ही… आनि हाई बापूनी," असं म्हणत माझी मूठ तो जरा जास्तच दाबून भरायचा, आणि वहिनी जात्यामागून हसायची, "बापूना वाटाले सारी कनगी जाई!"

ती गोष्ट घडली त्या साली मी पहिल्यांदाच कानबाईला गेलो नव्हतो. हेडमास्तरांच्या खालोखालच्या, पहिल्या असिस्टंटाच्या जागेसाठी माझी खटपट चालली होती. बायको पहिलटकरीण म्हणून माहेरी. कानबाई बोळवल्यावरच्या शनिवारी अर्धी शाळा होती, तेव्हा दुपारी हेडमास्तरांना आणि आणखी दोघा शिक्षकांना मी चहाला बोलावलं. आमचं घराणं मोठं, वतनदार, वाड्याला दिंडीदरवाजा, असल्या थापा मी त्यांना आधीच मारून ठेवल्या होत्या. दिंडीदरवाजा कसला, आमच्या दाराला धड कडी नव्हती! कपबशा शेजाऱ्यांकडून आणलेल्या. चहा ओतायला घेतला आणि दारात जिभाऊ उभा. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं, डोक्याला मुंडासं, काखेत धोतराच्या धडप्यात बांधलेलं गाठोडं. श्रावणातली तापी सारंगखेड्याला नावेतून ओलांडून, पुढे मिळेल त्या गाडीनं, मोटारीनं तो रोट घेऊन आला होता. मी गेलो नाही म्हणून रोट माझ्याकडे आला होता… तोंडभर हसत तो आत पाऊल टाकणार, तोच हेडमास्तरांनी विचारलं, "हे कोण?"

मी म्हणालो, "आमचा सालदार आहे. शेतावरनं आलाय."

शब्द तोंडातून गेले. परत घ्यायला एक क्षण होता, तोही मी जाऊ दिला. जिभाऊनं माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं पाहिलं ते मी लहानपणी पडलो की कुठे लागलंय हे बघायचा तसं. मग उचललेलं पाऊल मागे घेतलं, उंबऱ्याशी खाली बसला आणि म्हणाला, "हा साहेब. शेतना निरोप लई उनू." मला साहेब म्हणाला, ज्यानं माझं नाक पुसलं होतं त्यानं! पाहुण्यांचा चहा होईपर्यंत तो तिथंच गाठोडं मांडीवर घेऊन बसून होता. मी त्याला चहासुद्धा विचारला नाही, कारण सालदाराला, सालाच्या गड्याला, कपबशीतून चहा कोण देतो? पाहुण्यांना पोचवायला मी कोपऱ्यापर्यंत गेलो, आलो तो उंबरा रिकामा. मोटारीचा अड्डा दहा मिनिटांच्या वाटेवर होता आणि मोटार सुटायला अजून वेळ होता. मी गेलो नाही. कपबशा विसळत बसलो. ती जागाही पुढे मला मिळाली नाही, पण मिळाली असती तरी तोंडाला लागलेलं काळं गेलं नसतं.

त्यानंतर बारा वर्षं मी कळसाडीला पाय ठेवला नाही. बायकोचं बाळंतपण, शिकवण्या, मग लढाई, कारणांना काय तोटा? दर श्रावणात मात्र मास्तरांच्या अक्षरात कार्ड यायचं. खालीवर क्षेमकुशल आणि मध्ये एक ओळ ठरलेली, 'तुझी मूठ घातली आहे.' मी ती कार्डं वाचून पेटीत तळाशी टाकायचो.

कार्ड उशिरा पोचल्यामुळे आणि लढाईपायी पेट्रोलऐवजी कोळशावर चालणारी मोटार दर चढावर श्वास घ्यायला थांबत असल्यामुळे मी नवव्या दिवशी गावात शिरलो. बोळात वळलो मात्र, आणि बायकांनी हंबरडा फोडला, "जिभाऊ रे, तुन्हा बापू उना रे… ऊठ ना रे आते!" कुणीतरी माझ्या गळ्यात पडलं, कुणी खांद्यावरची पिशवी घेतली. चेहरे मला ओळखू येईनात. ज्यांना लंगोटीत पाहिलं होतं ते बाप्ये झाले होते. मला मात्र सगळे ओळखत होते, माझ्या पोरांची नावंसुद्धा त्यांना पाठ. जिभाऊ सांगायचा म्हणे. मला भावाचा पाट दिला, मीच जणू मोठा दुखवटेकरी. माझी अहिराणी बारा वर्षांत गंजली होती, मी पुस्तकी मराठीत काहीबाही बोलत होतो आणि ती माणसं माझ्या तोंडाकडे बघून समजूतदारपणे माना हलवत होती.

दहाव्याला सगळे प्रकाशाला तापीवर गेलो. पिंड ठेवले. मी मनातून तयारीत होतो. कावळा शिवणार नाही, जिभाऊचा जीव माझ्यापाशी अडकला असणार, मग मी पुढे होऊन हात जोडून म्हणेन, भाऊ, चुकलो… सारी भाषणं जुळवून ठेवली होती. आम्ही मागे सरलो न सरलो तोच कावळा आला आणि पिंडाला शिवून गेलासुद्धा! "लगेच शिवना! समाधानी मानूस व्हता," सगळे म्हणाले. मी जोडायला उचललेले हात धोतराला पुसले. माझ्यावाचून त्याचं काही अडलं असेल हीसुद्धा माझी शेखीच.

घरी परतल्यावर ओट्यावर माणसं बसली. दगाआबा म्हणजे आमचे सर्वांत थकलेले चुलते, आता ऐंशीला टेकलेले. दुःखाच्या घरातही माणसं दहाव्यानंतर जरा सैल होतात, तसे तेही झाले. माझ्या गुडघ्यावर थाप मारून मोठ्यानं म्हणाले, "काय रे बापू! जिभाऊ धुयाले तुन्हा घर रोट लई उना, तव्हय तू पाय न धोता खावाले बठना व्हता ना? म्हने, हेडमास्तरना म्होरेच बठना! दर साल सांगे तो!" ओट्यावर हशा पिकला. एक पुतण्या म्हणाला, "आनि बापूकाकानी हेडमास्तरले सांगं ना, हाऊ मन्हा मोठा भाऊ शे!" मेल्याहून मेल्यासारखं होणं काय असतं ते मला तेव्हा कळलं. जिभाऊ घरी येऊन हे सांगत होता, बारा वर्षं, दर कानबाईला. आणि मी काय केलं? मीही हसलो. मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी निघताना वहिनीला भेटायला आत गेलो. पांढऱ्या कपाळानं ती जात्यापाशी बसली होती. मला वाटलं, हिला तरी सांगावं, पण मी पिशवीचे बंद आवळत राहिलो. तीच म्हणाली, "बापू, आबानं बोलनं मनवर लेवू नका. त्यास्ले म्हाईत नही."

"काय म्हाईत नही?"

"गठोडं जसं गयं तसंच परत उनं. गाठ मन्हा हातनी व्हती, मीच सोडी. मी इचारं, तव्हय म्हनेत, बापूना घर मान्से व्हतात, त्याले सवड नही व्हती. मंग आम्ही दोन्हीजन उंबरावर बठनूत आनि तुम्हना वाटाना रोट खादा. परका तोंडे जावाले नको ना." तिनं डोळे पुसले. "खाताखाता रडनात ते. मी पुढं काय इचारं नही."

म्हणजे साक्षीदार होती. माझ्या ताटात भाकरी वाढणारी, दोन दिवस माझ्या आंघोळीचं पाणी काढणारी. मी सांगितलं, सालदार हा शब्दसुद्धा सांगितला. तिनं ऐकून घेतलं. माफ केलं म्हणाली नाही आणि मी माफी मागितलीही नाही. उठून खुंटीवरचं ते धडपं काढून तिनं माझ्या हातात दिलं. तेच, तुपाचे डाग पडलेलं. म्हणाली, "यंदा कानबाई बसाव नही. पुढला साल मूठ तुम्हले टाकनी पडी. आबाना हात थरथरस. मोठा आते तुम्हीच."

ते काही मला झेपण्यासारखं नाही. एकेकाचं नाव घेऊन हा आपला म्हणत मूठ घालायची, आणि ती मी? म्हणून हे वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी लिहिलं. पुरवणी छापून आली की एक प्रत मास्तरांकडे पाठवणार आहे. संध्याकाळी ते पारावर वर्तमानपत्र वाचून दाखवतात आणि अहिराणीत समजावून सांगतात, तसंच हेही सांगावं, सालदार या शब्दासकट. त्यानंतर मूठ कुणी घालायची, आणि त्यात माझ्या नावाची असावी की नसावी, ते भाऊबंद ठरवतील. दगाआबांना वाईट वाटेल. जिभाऊनं बारा वर्षं सांभाळलेली माझी अब्रू मी घालवतोय, हेही मला कळतं. पण ती माझी नव्हतीच.

धडपं मी धुतलेलं नाही. बाहेरच्या खोलीत, पाहुणे बसतात तिथं खुंटीला टांगलंय. परवा आमचे जुने हेडमास्तर, आता निवृत्त झालेत, समाचाराला आले. काठी कोपऱ्यात ठेवता ठेवता त्यांची नजर तिकडे गेली. "हे काय हो मळकट? कुणाचं?"

"माझ्या भावाचं," मी म्हणालो.

"असं? तुम्हाला भाऊ होते? इतक्या वर्षांत कधी पाहिलं नाही त्यांना."

"पाहिलंय तुम्ही," मी म्हणालो. "तिथं, उंबऱ्याशी बसला होता."