आईनं दिलेल्या पायऱ्या

नगरपालिकेनं माझ्या आईला फसवलं. आधी तिच्याकडून बारवेच्या पायऱ्या घेतल्या, मग पाणीही गिळलं.

आमचं गाव लोह्याहून फार लांब नाही. गल्लीच्या टोकाला बारव. बायका पायऱ्या उतरून घोटाभर पाण्यात उभ्या राहायच्या आणि घागर बुडवायच्या. सातव्या पायरीवर घागरी टेकून टेकून वाटीएवढा खळगा पडला होता. आई तिथं टेकायची. घरी कधी न हसणारी बाई तिथं पदर तोंडाला लावून हसायची. ते हसू वर रस्त्यावर ऐकू यायचं.

त्याच पाण्यातून नारू यायचा. आईच्या पोटरीतून निघाला तेव्हा नगरपालिकेचा सॅनिटरी इन्स्पेक्टर रोज घरी येई. दोऱ्यासारखा तो किडा काडीला गुंडाळी, रोज थोडा थोडा, तुटू न देता. तोच म्हणाला, "मावशी, नारूचा पाय पाण्यात पडतो म्हणून दुसऱ्याला होतो. पायऱ्यांवर भिंत घालू. राहाटानं पाणी ओढा."

शेजारीण भडकली. "सायेब, मग सासूच्या चहाड्या कुठं करायच्या? तुमच्या हापिसात येऊन बसू का?"

"या की. खुर्च्या दोनच हायत पण."

मी तेव्हा विहिरीवरच्या जुन्या मोटारींच्या धंद्यात नवा होतो. घासाघीस मीच केली: भिंत घाला, पण दर आठवड्याला पाण्यात औषध टाकायचं आणि दर उन्हाळ्यात गाळ काढायचा. तो "हाव" म्हणाला. मी कागद मागितला, तर आई माझ्यावरच उखडली.

"माझ्या पायातला किडा हातानं काढून राहिला तो, अन् त्याच्याकडं कागद मागतो? लाज न्हाई वाटत?"

तेवढा एकच सौदा मी जन्मात तोंडी केला.

आईच्या होकारावर पायऱ्यांवर भिंत उभी राहिली, आणि त्या माणसानं शब्द पाळला. नारू गेला, पुन्हा गल्लीत कुणाला झाला नाही, हे मी कबूल करतो. पण त्याची बदली झाली आणि औषध थांबलं, गाळ तसाच राहिला, पाणी हिरवं पडलं. मग एका सकाळी नगरपालिकेच्याच ट्रॉलीनं गल्लीचा कचरा बारवेत ओतला. आई काठावर उभी राहून बराच वेळ खाली बघत होती.

"माझी पायरी दिसंना रे," म्हणाली.

आई जाऊन बरीच वर्षं झाली. अजून तिथून जाताना मी नाकाला रुमाल लावतो, पण पाय थांबतात. कचऱ्याखाली तो खळगा असेलच. दगड कुठं जातो?

आता तिथं स्लॅब टाकून पार्किंग करणार म्हणून भिंतीवर नोटीस लागली आहे. मी कचेरीत गेलो. कारकून म्हणाला, "काका, वापरात नसलेली विहीर आहे. नोंदच तशी आहे."

"वापर बंद कुणी पाडला?"

"ते साहेबांना विचारा."

साहेब दौऱ्यावर. मी इतका ओरडलो की शिपायानं पाण्याचा ग्लास आणून ठेवला. मी तो प्यालो नाही. अर्ज दिला, या खेपेला पोच घेतली.

पायऱ्या मी परत मागत नाही, त्या आईनं देऊन टाकल्या. पण त्या स्वच्छ पाण्यासाठी दिल्या होत्या. तिथं कचरा ओतायचा हुकूम ज्यानं दिला, त्यानं स्लॅब पडायच्या आधी गल्लीत यावं, त्या काठावर उभं राहावं आणि मला तोंडावर उत्तर द्यावं.