काबोच्याला पहिली सुरी

माझ्या आतेसासूबाईंना, म्हणजे बायकोच्या आत्याला, 'असं इथे चालत नाही' हे पटवून देणारा माणूस अजून जन्मायचाय. तीन महिन्यांसाठी पुण्याहून आमच्याकडे जपानात, निशी-कसाईला आल्या आणि चौथ्याच दिवशी इमारतीच्या केअरटेकरशी त्यांचं वाजलं. केळीची सालं मंगळवारीच टाकायची, असं तो जपानीत सांगत होता. 'मंगळवारपर्यंत काय डोक्यावर ठेवू?' असं या मराठीत विचारत होत्या. आठवड्याभरात तोच त्यांना कमरेत वाकून नमस्कार करायला लागला. कोपऱ्यावरच्या कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात तर काउंटरवरच्या मुलीला त्या सरळ विचारायच्या, 'यात मासे नाहीत ना गं?' आणि ती पोरगी बरोबर आंबट प्लमचा भातगोळा काढून द्यायची. मी बारा वर्षं जपानी बोलतोय, तरी माझ्या गोळ्यात अधूनमधून मासा निघतोच.

अशा बाईने एका बाबतीत रीतीपुढे मान तुकवावी, हे मला झेपेना. हॅलोविनच्या दिवशी आमच्या सात वर्षांच्या मनूला ताप होता. मैत्रिणींबरोबरची फेरी हुकली म्हणून घरीच भोपळ्याचं भूत करून देईन, असं मी कबूल करून बसलो. ऑफिसातून निघेपर्यंत नारिंगी भोपळे संपले होते. उरला होता जपानी काबोचा, हिरवा आणि दगडासारखा. आत्यांनी सुरी धुऊन माझ्या हातात दिली. 'जावईबापू, पहिली सुरी पुरुषाने लावायची. अख्खा भोपळा बाईने चिरायचा नसतो.'

सुरी चार बोटं आत गेली आणि रुतली. ओढली तर अख्खा भोपळा तिच्यासकट वर आला. मनू पांघरुणातून रडवेल्या आवाजात विचारत होती, भूत कधी होणार. मी घामाघूम होऊन म्हटलं, 'आत्या, तुम्हीच करा ना.'

त्यांनी पदराला हात पुसले. मग म्हणाल्या, 'हे जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून घरात भोपळा आला नाही. सुरी लावायला शेजाऱ्याला बोलवा, मग तो उपकार मिरवणार. घारगे सोडले मी, पण कोणाचं दार वाजवलं नाही.'

मला राहवलं नाही. 'केअरटेकरला वाकवलंत आणि भोपळ्याला भिता?'

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी दोन पावलं मागे सरकलो. पदर खोचला, 'द्या इकडे' म्हणाल्या आणि भोपळा सुरीसकट उचलून ओट्यावर हाणला. सरळ दोन भकलं झाली. भुताचं डोकंच फुटलं. मी कपाळाला हात लावला, पण मनू उठून बसली होती. 'आजी सुगोई,' ती म्हणाली. भारीच, असा त्याचा अर्थ आत्यांना सांगावा लागला नाही. एका भकलाला डोळे कोरून ते खिडकीत ठेवलं. दुसऱ्याचे घारगे झाले, त्यामुळे आमच्या भुताला तोंड नव्हतं.

परवा त्यांचा पुण्याहून फोन आला. त्यांनी मंडईतून अख्खा भोपळा आणला होता. 'सुरी कोणी लावली?' मी मुद्दाम विचारलं.

'मी. दुसरं कोण येणार इथे?' मग त्याच पुढे म्हणाल्या, 'पहिला घारगा यांच्या फोटोपुढे ठेवला. म्हटलं, बघा, तुमच्यावाचून चिरला भोपळा. पण हाताला सवय दोघांपुरते करायची. उरलेत, जावईबापू.'