कप्तानांचा भोंगा

कप्तान भोंगा वाजवत नसत. भोंगा बिघडलेला नव्हता. दर रविवारी ते त्याचं पितळ चिंचेने घासत, इतकं की त्यात तोंड पाहून दाढी करावी. पण वाजवायचा नाही. वळणावर मुंगूस आडवं आलं की गाडी थांबे. सड्यावरच्या उघड्या कातळावर घोरपड ऊन खात पसरलेली असली की इंजिनच बंद. घोरपडीचं ऊन खाऊन व्हायला किती वेळ लागतो हे ज्याने पाहिलं नाही, त्याला माझी तडफड कळायची नाही. पुढच्या गावात माझी सभा खोळंबलेली असे. मी चिडलो की कप्तान स्टिअरिंगवर हनुवटी टेकून म्हणत, "रस्तो तेंचो, मेल्या. आपण पावणे. पावण्यान घरात शिरताना बोंब मारूची नसता."

स्पष्टच लिहितो, ते कप्तान नव्हते. आगबोटीवर आचारी होते. सारी उमर भटारखान्यात गेली. पण कायमचे घरी परतले ते डोक्यावर कोण्या साहेबाची जुनी टोपी घालून, आणि लोकांनी डोक्यावर दिसलं तेच नाव ठेवलं. त्यांनीही ते कधी दुरुस्त केलं नाही. कोणी टोमणा मारला तर उत्तर तयार असे: "बोट कप्तान चालयता. आणि कप्तानाक कोण चालयता? माझी आमटी!"

लढाईत जखमींना वाहणारी एक लष्करी गाडी त्यांनी लिलावात उचलली होती. स्ट्रेचरच्या चौकटींवर दोन बिछाने केले. मागच्या दाराशी स्टोव्ह, खाचेत बसवलेला पाटा, आणि प्रत्येक भांडं बोटीवरच्यासारखं सुतळीने बांधलेलं. पावसाळा सोडला तर त्यांचा मुक्काम त्या गाडीतच. घर होतं खाडीच्या पल्याड, आणि खाडीवर पूल नव्हता. त्यांची बायको, आमची काकी, तिकडे, गाडी इकडे. होडीने घरी गेले की काकी दारातच विचारी, "गाडयेचा घर केल्यात, आता घराक चाकां लावतल्यात काय?"

मी तेव्हा पूल समितीचा प्रचारक होतो. वय कोवळं, आवाज मोठा, पिशवीत पत्रकं. पल्याडच्या गावांत बाळंतीण अडली तर भरती येईपर्यंत तिने कळा थोपवून धराव्यात, अशी सरकारची अपेक्षा दिसत होती! हे किनाऱ्यावरच्या गावागावांत सांगायचं होतं, आणि समितीकडे साधी सायकल नव्हती. कप्तान म्हणाले, "बस माझ्या गाडयेत. भाषण तू कर, जेवाण मी करतंय."

दिवाळीनंतर आम्ही देवगडाकडून निघालो आणि होळीपर्यंत वेंगुर्ल्याच्या बाजूला फिरत होतो. इतकी नालायक शिस्त मी कुठल्याच प्रचारदौऱ्यात पाहिली नाही, आणि इतका सुखातही कधी नव्हतो. कड्याच्या टोकाला गाडी लावायची, मागचं दार उघडायचं, की समोर थेट समुद्र. खाली लाटा खडकांवर फुटताहेत, वर समुद्रगरुड पंजात लांबलचक समुद्रसाप घेऊन घरट्याकडे चाललाय, आणि कप्तान चहा गाळताहेत. डॉल्फिनांची रांग पाण्यातून वर-खाली होत गेली की ते टोपी काढत. मी विचारलं, "त्यांना कळतं का?" तर म्हणाले, "तुझा भाषण तरी खंय कोणाक कळता? तरी तू करतंसच मा?"

माझ्या पत्रकांवर ते तळलेले बांगडे निथळत ठेवत. मी संतापलो. जनतेचा आवाज आहे तो! कप्तानांनी तेलाने पारदर्शक झालेलं पत्रक उजेडात धरलं. "बघ, आता खरा आरपार दिसता."

देवबागेत एका पहाटे वाळूतून कासवाची पिल्लं निघाली. माझी सभा सकाळी तिथेच, सुरूच्या झाडांखाली. कप्तानांनी येणाऱ्या माणसांना जाळ्याच्या दोरीमागे उभं केलं आणि कावळ्यांना हाकलायला टोपी फिरवत बसले. शेवटचं पिल्लू लाटेत शिरेपर्यंत कोणी हललं नाही. त्यामुळे माझ्या सभेला सगळा गाव आयताच जमलेला होता, हेही मान्य करायला हवं. तेव्हा कप्तान हळूच म्हणाले, "मी बोटीर सगळा शिजवलंय. कासव नाय. ती खंय खंय फिरतत, पण परत आपल्याच वाळयेर येतत. माझी गाडी सगळीकडे फिरली, माझ्या दाराक तेवढी लागली नाय."

त्यानंतर आमचं शिष्टमंडळ बांधकाम खात्याच्या साहेबांना भेटलं. साहेबांनी फाइल मिटली आणि विचारलं, "पलीकडे एक तरी मोटार आहे का? नाही ना? मग पूल कोणासाठी?" पूल नाही म्हणून मोटार नाही, आणि मोटार नाही म्हणून पूल नाही! हा प्रश्न विचारताना माणसाला लाज वाटायला हवी. त्यांना वाटली नाही. तरी जागा बघायला पुढच्या आठवड्यात येतो म्हणाले.

मी गाडीत बसून यावर जळजळीत पत्रक लिहीत होतो. कप्तान खोबरं वाटत होते. वरवंटा थांबला.

"मगे नेवया."

"काय?"

"गाडी. पल्याड."

मी म्हटलं, "कप्तान, तिकडे रस्ता नाही, बैलगाडीची वाट आहे. गाडी अंगणात जाऊन बसेल. परत कशी आणणार?"

"परत पुलावरसून येतलंय," ते म्हणाले आणि पुन्हा वाटायला लागले.

दोन मोठ्या होड्या शेजारी बांधल्या, वर माडाच्या फळ्या टाकल्या. ऐन भरती. गाडी फळ्यांवर चढली तशा होड्या इतक्या खाली गेल्या की पाणी त्यांच्या कडांना लागलं. गावच्या म्हाताऱ्या गावकराने नारळ हातात धरून गाऱ्हाणं घातलं: "बा देवा म्हाराजा, ही गाडी सुखरूप पल्याड पाव दे रे म्हाराजा!" दोन्ही काठांवरून आवाज उठला, "व्हय म्हाराजा!" अंधश्रद्धेवर मी दोन पत्रकं काढलेली आहेत. तरी त्या दिवशी सगळ्यात मोठ्याने मीच ओरडलो.

मधल्या प्रवाहात होड्यांची सांगड तिरकी झाली. भांडी खणखणली. कप्तान गाडीतच बसून होते, टोपी घालून. "उतरा!" मी किंचाळलो. आतून उत्तर आलं, "बोट सोडून कप्तान जाता काय रे?"

गाडी पोचली. काकी पदर खोचून काठावर उभी होती. तिने चाकांना हळदकुंकू लावलं आणि म्हणाली, "इलात एकदाचे."

साहेब आले तेव्हा मी अल्याडच्या काठावर होतो. त्यांनी पलीकडे बोट दाखवून तोच प्रश्न पुन्हा काढला. वाक्य पुरं व्हायच्या आत खाडीपलीकडून भोंगा वाजला. लांबलचक, दणदणीत, थांबेचना. कांदळवनातले सगळे बगळे एकदम आभाळात उडाले. साहेबांनी चष्मा पुसला आणि मिटलेली फाइल पुन्हा उघडली.

त्या संध्याकाळी मी होडीने गेलो तर कप्तान टोपी मांडीवर घेऊन खाडीकडे बघत बसलेले. "बगळ्यांची माफी मागूक व्हयी रे," म्हणाले. त्यानंतर तो भोंगा कधी वाजला नाही.

पूल मंजूर झाला. कामाला किती काळ लागतोय हे लिहू लागलो तर याचंही पत्रक होईल. कप्तान पुलावरून परत आले नाहीत. गेल्या शिमग्याआधी अंगणातल्या गाडीतच गेले, सकाळी, चहा गाळून ठेवून. काकी अजून दर रविवारी भोंगा चिंचेने घासते.

खाडीत आता खांब उभे आहेत. त्यांवर पाणकावळे पंख पसरून बसतात. परवा गेलो तेव्हा मुकादम पत्र्याचा डबा बडवून त्यांना हाकलत होता. मी त्याच्या हातून काठी काढून घेतली.

"अहो, पण काम?" तो म्हणाला.

"इतकी वर्षं थांबलं," मी म्हटलं, "आता त्यांचे पंख वाळेपर्यंत थांबेल."