दोन डाव्या बाह्या

बाहीमावशी जॅकेटच्या कारखान्यात फक्त डाव्या बाह्या शिवायची. उजव्या तिची धाकटी जाऊ शिवायची, तिच्याच पाठीला पाठ लावून. दोघींच्या गप्पा दिवसभर चालायच्या, पण मान वळवून एकमेकींचं काम बघायला फुरसत कुणाला होती? कापड एका देशातून यायचं, शिवलेल्या बाह्या बोटीने दुसऱ्याच देशात जायच्या. तिथे त्या जॅकेटला लागल्या की किंमत अशी वाढायची, की मावशीने ते जॅकेट दुकानाच्या काचेतूनच बघावं.

"आमची सून शिवते काय, तर अर्ध्या माणसाचे कपडे!" सासूबाई गल्लीभर सांगायच्या. मावशी हसायची, पण ते मनाला लागायचं.

एका सकाळी मालकांनी मशिनं थांबवली.

"बाह्यांचं काम आपल्याहून स्वस्त देशात चाललंय," ते म्हणाले. "आपण दर पाडला तर उद्या आणखी कुणी स्वस्त निघेल. म्हणून मी परदेशातल्या कंपनीला सांगून आलोय, अख्खं जॅकेट आम्हीच करून देतो, अगदी बेतण्यापासून. नमुना पसंत पडला तर ठीक, नाहीतर दाराला कुलूप. कोण शिवतंय नमुना?"

सगळ्यांना एकाएकी पंख्यात फार रस वाटू लागला. एक हात तेवढा वर गेला. तो आपलाच आहे हे मावशीला जरा उशिराच कळलं.

पाठ, कॉलर, खिसे, चेन. प्रत्येक ठिकाणी तिने शिवलं, उसवलं, पुन्हा शिवलं. बाह्या मात्र शेवटी घेतल्या. बाह्या म्हणजे तिच्या डाव्या हातचा मळ!

मालकांनी जॅकेट चढवलं. डावा हात लोण्यासारखा आत गेला. उजवा गेला तो अडकूनच बसला. बाहीचा बाक भलतीकडेच वळला होता. मग जाऊ खो खो हसत सुटली.

"अहो ताई, दोन्ही डाव्याच!"

मावशीलाही हसू आवरेना, आणि हसता हसता डोळे भरून आले. सगळ्यांची चूल आपण विझवली, असं तिला वाटलं.

"रडताय काय? खुर्ची वळवा इकडे," जाऊ म्हणाली.

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दोघी समोरासमोर बसल्या. जाऊने उजवी बाही बेतून दाखवली, मावशीने डावी, आणि दुसरा नमुना उभा राहिला.

तो पसंत पडला. कारखान्यात बेतायची लांबलचक टेबलं आली, पगार वाढले, समोरच्या चहावाल्याने दुसरी शेगडी घेतली.

फसलेलं जॅकेट उसवायला म्हणून मावशीने घरी आणलं. ती हातपाय धुवून येते तोवर सासूबाई ते घालून गल्लीत पोचल्या होत्या, उजवा हात अवघडून वर धरलेला.

"अहो आई, काढा ते! चुकलंय!"

"चुकलं तर चुकलं," सासूबाई साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाल्या. "अख्खं आहे ना?"